उकंडा, लगदा आणि वीस गुंठे



कुणाची चूल पेटली असेल, कुणाचा गोठा झाडायचा राहिला असेल. हातातलं काम सोडू नका, काम करता करता ऐका. आम्ही अहमदपूर अन् कंधारच्या मधल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावच्या अकरा जणी. आमच्यातल्या निम्म्या लातूर जिल्ह्यातल्या लेकी, निम्म्या नांदेड जिल्ह्यातून इकडं नांदायला आलेल्या. बचत गट एकच. आज आम्ही दोन कामांबद्दल बोलणार आहोत. एक, घरातल्या अन् वावरातल्या कचऱ्याचं खत. दुसरं, रद्दीचा नवा कागद करून त्यावर चित्र काढणं. तुम्ही म्हणाल, उकंड्याचा अन् चित्राचा काय संबंध? आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. तो संबंध कसा जुळला, ते पुढं सांगतो.

सुरुवात झाली येळवशीला. येळवस म्हणजे काय हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं ओस पडतात अन् शिवारं भरतात. कडब्याची कोप उभारायची, चुन्यानं रंगवलेले पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, खीर असा निवद दाखवायचा अन् पिकाच्या कडेनं आंबील शिंपडत फिरायचं. काळ्या आईचा तो दिवस. त्या वर्षी आम्ही दोन-तीन घरांनी मिळून एकाच वावरात जेवण केलं होतं. पाहुणे उठले, पोरं झोक्यावर पळाली, अन् आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या काकू कोपीजवळ एकट्याच वाकून काही तरी वेचताना दिसल्या. प्लास्टिकचे ग्लास, चकाकत्या पत्रावळ्या, पाण्याचे पाऊच, कुरकुऱ्यांची पाकिटं. एक पोतं भरलं. काकू म्हणाल्या, "आईला निवद दावला, अन् उष्टं तिच्याच पदरात टाकून निघालो की गं आपण."

कुणी काही बोललं नाही. पण पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर तोच विषय निघाला.

त्या दिवशी आम्ही एक साधं काम केलं. आठ दिवस आपापल्या घरातून काय काय बाहेर टाकलं जातं, ते नीट पाहायचं ठरवलं. आठ दिवसांनी बसलो, तर प्रत्येकीच्या घरचं चित्र सारखंच. भाजीचे देठ, चहाची पत्ती, चुलीची राख, गुरांच्या पुढ्यातलं उरलेलं, शेण, झाडलोटीचा पालापाचोळा हे सगळं कुजणारं. त्यानंतर कागद: पोरांच्या भरलेल्या वह्या, लग्नाच्या पत्रिका, किराण्याच्या पुड्या. प्लास्टिक, काच अन् लोखंड त्या मानानं थोडं. पण आम्ही सगळंच एका ठिकाणी फेकत होतो अन् मग काडी लावत होतो.

वावरातही तेच. आपल्याकडं आता सोयाबीन सगळीकडं. मळणीयंत्र आलं की एका दिवसात रास होते अन् मागं गुळीचा ढीग राहतो. काहींच्या घरी गुरं आहेत, त्यांची गुळी जनावराच्या पोटात जाते. ज्यांची गुरं विकली, त्यांचा ढीग पेटतो. तुराट्या, पऱ्हाट्या जळणाला लागतात ते ठीक. पण उसाचं पाचट, सोयाबीनची गुळी, हरभऱ्याचं भुसकट पेटवलं की काय जळतं? त्या काडात पिकानं जमिनीतून घेतलेलं नत्र अन् गंधक असतं, ते धुरावाटे निघून जातं. राहते ती राख, ती वाऱ्यावर. अन् ज्याला माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' म्हणतात, तोही जातो. मृदा आरोग्य पत्रिका घरात असेल तर काढून बघा. तिच्यात बारा गोष्टी तपासून लिहिलेल्या असतात, त्यात सेंद्रिय कर्बाची एक ओळ असते. तिच्यापुढं 'कमी' लिहिलेलं असेल, तर ते पोत्यातल्या खतानं भरून निघत नाही. कुजलेल्या काडीपाचोळ्यानंच भरतं.

कर्ब कमी झाला तर बाईला काय त्रास, असं एकीनं विचारलं. त्रास पाण्याचा. कुजलेलं खत मातीत असलं की माती भुसभुशीत राहते, पावसाचं पाणी आत मुरतं अन् जास्त दिवस टिकतं. खत नसलं की आपली काळी माती पावसात चिकट होते, उन्हात भेगाळते अन् वरचं पाणी ओढ्याला जातं. २०१६ सालचा उन्हाळा आपण कुणीच विसरलेलो नाही. एप्रिल महिन्यात मिरजेहून पाणी भरून रेल्वे लातूरला आली होती. धरणं भरणं आपल्या हातात नाही. पण पडलेला पाऊस आपल्या वावरात थांबावा, एवढं तर करता येतं.

आता आमची फजिती सांगतो, कारण ती ऐकली तर तुमची टळेल.

पहिल्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेनं घराशेजारी खड्डे खणले. त्यात रोजचं ओलं टाकत गेलो. भाजीचे देठ, उरलेली भाजी, शेण, खरकटं पाणी. पंधरा दिवसांत वास सुटला. माशा झाल्या, शेजारणीशी भांडण झालं. एकीच्या सासूनं तर खड्डा बुजवूनच टाकला. चूक अशी झाली होती की नुसतं ओलं दाबून भरल्यामुळं आत हवा राहिली नव्हती. हवा नसली की कुजत नाही, सडतं.

दुसरी चूक त्याहून महागाची. एकीनं अर्धवट कुजलेलं शेणखत घाईनं वावरात टाकलं. पुढं पिकाची रोपं उभ्या उभ्या वाळू लागली. उपटून पाहिलं तर मुळं खाल्लेली अन् मातीत पांढरी हुमणी. न कुजलेल्या शेणखतातून हुमणीची अंडी, अळ्या वावरात जातात. म्हणून खत पूर्ण कुजल्याशिवाय टाकायचं नाही, हे आम्ही त्या पिकाच्या मोलानं शिकलो.

मग रीत शिकून घेतली. आपल्या नांदेड जिल्ह्याच्या शिवेपलीकडं यवतमाळ जिल्ह्यात पुसद आहे. तिथले शेतकरी नारायण देवराव पांढरीपांडे यांनी खताची एक पद्धत बसवली. त्यांच्या नावातल्या अक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. तिचं मोठेपण असं की शेण फार कमी लागतं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असं विटांचं टाकं, भिंतीला हवा जायला मधे मधे भोकं. एका टाक्याला साधारण चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचरा लागतो, पण शेण नव्वद ते शंभर किलोच. म्हणजे ज्या घरी एकच म्हैस आहे, तिलाही जमेल.

भरायची रीत सांगतो, लक्षात ठेवा. आधी टाक्याचा तळ अन् भिंती शेणकाल्यानं ओल्या करायच्या. मग सहा इंच काडीकचऱ्याचा थर. त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं. त्यावर चाळलेली माती, पन्नास-साठ किलो. मातीतले काच, दगड, प्लास्टिक आधीच काढायचे. असे थरावर थर चढवत टाक्याच्या वर दीड फूट ढीग आला की तीन इंच मातीचा थर देऊन शेणमातीनं लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपायचं. भेगा पडल्या की बुजवायच्या अन् ओल टिकवायची. तीन ते चार महिन्यांत खत तयार.

एवढं टाकं बांधायला पैसा नाही? आमच्यातल्या सात जणींकडंही नव्हता. आम्ही तुराट्यांचा गोल कूड विणला, छातीइतका उंच, अन् त्यात तेच केलं. तुराट्यांच्या फटींतून हवा आपोआप जाते. घरच्या कचऱ्यासाठी हिशेब सोपा आहे: एक टोपलं ओलं टाकलं तर दोन टोपली वाळलेलं टाका. ओलं म्हणजे भाजीचे देठ, शेण, हिरवा पाला. वाळलेलं म्हणजे गुळी, वाळका पाला, फाटका कागद. ओल पाहायची तर मूठभर घेऊन दाबा. बोटांमधून पाणी गळलं तर जास्त ओलं, मूठ उघडल्यावर सगळं सुटं झालं तर कोरडं. पिळून काढलेल्या लुगड्याइतकी ओल पाहिजे. आठ-दहा दिवसांनी ढिगात काडी खुपसून काढा. काडी गरम लागली तर आत काम चालू आहे. ती उष्णता चांगली चढली तर तणाचं बी अन् रोगट अंशही मरतात. ढीग थंड पडला की फावड्यानं वर-खाली करा. तयार खत काळं, भुरभुरीत होतं अन् पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. देठ ओळखू येत असेल तर अजून थांबा.

आणखी एक सावधगिरी. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. ओल्या कचऱ्याखाली त्या दिवसा लपतात. म्हणून काडीकचरा धुऱ्यावर मोकळा पसरून ठेवू नका, कुडात किंवा टाक्यातच ठेवा. गोगलगाय दिसली तर संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं अंथरा अन् सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा, मिठाच्या पाण्यात टाका.

आता कागदाकडं येऊ.

मळका, तेलकट कागद फाडून आम्ही कुडातच टाकतो. चमकीच्या अन् प्लास्टिक चढवलेल्या पत्रिका मात्र तिथं नको, त्या कुजत नाहीत. उरल्या पोरांच्या वह्या. त्या एवढ्या साठल्या होत्या की एकीच्या मुलीनं शाळेत शिकलेली गोष्ट आम्हाला करून दाखवली. कागदाचे अंगठ्याच्या नखाएवढे तुकडे केले, रात्रभर पाण्यात भिजवले, सकाळी उखळात कुटून पातळ लगदा केला. सुताराकडून दोन सारख्या चौकटी करून घेतल्या, एकीला डासांची जाळी ठोकली. टपात पाणी अन् लगदा ढवळायचा, चौकट आडवी बुडवायची अन् सपाट धरून वर घ्यायची. पाणी निथळलं की जाळीवर कागदाची साय बसलेली दिसते. ती जुन्या सुती धोतरावर पालथी घालायची, वरून फडक्यानं पाणी टिपायचं, चौकट अलगद उचलायची. असे पाच-सहा कागद एकावर एक, मधे कापड, वर पाटा. मग सावलीत वाळवायचे.

आमचे पहिले कागद हातात घेताच तुटले. कारण असं की कागद पुन्हा पुन्हा भिजवून कुटला की त्यातले धागे आखूड होत जातात. मग थोरल्या काकूंनी माळ्यावरून अंबाडीचा वाख काढला. पूर्वी दोऱ्या वळायला घरोघर वाख असायचा. तो पेराएवढा कापून राखेच्या पाण्यात मऊ होईतो उकळला, धुतला, कुटला अन् लगद्यात मिसळला. कागद चिवट झाला. तांदळाच्या पेजेत चिमूटभर तुरटी घालून वरून खळ दिली की रंग फुटत नाही. हे काही आम्ही नवं शोधलेलं नाही. आपल्याच मराठवाड्यात दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथले कारागीर शेकडो वर्षं चिंध्यांपासून हातानं कागद करत आले. पुण्यातही गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली.

कागद झाला. आता त्यावर काढायचं काय? गेरू होता, हळद होती, कोळसा होता, नीळ होती. पण हात कुणाचा पुढं होईना. अंगणात रांगोळी रोज काढतो, पंचमीला भिंतीवर नाग काढतो. पण कागद! आमच्या घरात कागद असायचा तलाठ्याचा, बँकेचा, नाही तर शाळेचा. आमचा त्याच्याशी संबंध सहीपुरता, कुणाचा अंगठ्यापुरता. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, तू रोज जिथं खुरपायला जातेस ते वावर काढ."

अन् मग हात थांबेनात. कुणी विहीर काढली, कुणी धुऱ्यावरची बाभळ. जिथं चुनखड वर आलीय तिथं पांढरं सोडलं. पाणी कुठून शिरतं, कुठून माती घेऊन निघून जातं, ते कोळशानं दाखवलं. कुठं तण जास्त, कुठं पीक पिवळं पडतं. गडीमाणसं वावर नांगरतात, पण खुरपताना एकेका सरीत बसून पुढं सरकतो ते आपणच. वावराची नस आपल्याला ठाऊक असते, ती कधी कुणी विचारलेली नसते.

आमच्यातल्या दोघींना वावर नाही. त्यांनी कोरा कागद पुढं ठेवला अन् एक म्हणाली, "काळी आई आमची बी हाय का?" आम्हाला उत्तर सुचलं नाही. नंतर तिनं वाट काढली, मजुरीला जायची. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांची वावरं, अन् कुठल्या वावरात माती मऊ लागते, कुठं खुरपं लागत नाही, ते तिनं रंगानं दाखवलं. गावच्या मातीचा तेवढा चांगला नकाशा आमच्यातल्या दुसऱ्या कुणालाच जमला नाही.

आता मुख्य गोष्ट. खत तयार झालं, तेव्हा ते कुठं टाकायचं हे कोण ठरवणार? एकीनं चार महिने कूड सांभाळला. एका सकाळी दिरानं बैलगाडी लावली अन् सगळं खत उसाला नेलं. विचारलं नाही, सांगितलंही नाही. ती बैठकीत आली अन् एवढंच म्हणाली, "मी भरत बसले, अन् गाडी भरून दुसऱ्यानंच नेली." सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. आमच्यातल्या बहुतेकींचं नाही.

तेव्हा आम्हाला आपल्याच भागातला एक मार्ग आठवला. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवमध्ये स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम बायकांच्या गटांतून वाढत गेलं. पुढं त्या बायकांनी एक एकर शेतीची वाट धरली. घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा बाईच्या निर्णयावर सोडायचा. त्यात कमी पाण्यावर अन् घरच्या खतावर डाळी, भाज्या, धान्य, आधी घरच्या ताटासाठी. त्या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्यासारख्याच बायका, अशीच माती.

आम्ही ठरवलं, भांडून मागायचं नाही अन् रडूनही नाही. कागद पुढं ठेवायचा. रात्री जेवणं झाल्यावर प्रत्येकीनं आपलं चित्र घरात मांडलं. हे आपलं वावर. हा तुकडा पिवळा पडतो. इथून माती वाहून जाते. एवढे वीस गुंठे मला द्या, माझं खत इथं पडेल, काय पेरायचं ते मी ठरवीन, दोन वर्षांनी बघा.

खरं सांगतो, सगळ्यांना मिळालं नाही. वावर असलेल्या नऊ जणींपैकी तिघींना वीस गुंठे मिळाले. दोघींना धुऱ्यालगतचा पट्टा मिळाला. तिघींना "पुढच्या साली बघू" असं उत्तर मिळालं. एकीच्या घरी चित्र चुलीत गेलं. तिनं दुसऱ्या दिवशी येऊन नवा कागद मागितला. तिचं दुसरं चित्र आता गटाच्या वहीत आहे.

जिचं खत उसाला गेलं होतं, तिच्या नवऱ्यानं चित्र बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाला, "इथं पाणी साचतं, हे तुला कसं ठाऊक?" ती म्हणाली, "माझे पाय रुततात म्हणून." वीस गुंठे मिळालेल्या तिघींत ती एक. तिथं तिनं तूर, मूग, अंबाडी अन् मधे भाजी लावली. दीर अजून कुरकुरतो. पण कुडातल्या खताला आता तिला विचारल्याशिवाय कुणी फावडं लावत नाही.

वावर नसलेल्या दोघी घरामागं जुन्या पोत्यांत खत-माती भरून वांगी, दोडके लावतात. कागद करण्यात त्यांचा हात सगळ्यांत बसला आहे, म्हणून चौकटी त्यांच्याच घरी असतात.

तर बायांनो, ऐकणाऱ्या गटांना आमची तीन कामं सांगणं आहे. एक, आठ दिवस घरचा कचरा बघा अन् ओला, सुका, प्लास्टिक वेगळं ठेवा. दोन, गटात एक कूड सामाईक उभा करा, मग घरोघर. पहिली चूक सगळ्यांसमोर झालेली बरी, शिकणं स्वस्तात होतं. तीन, आपापलं वावर कागदावर काढा. कागद विकत आणू नका, पोरांच्या वह्या आहेत.

अन् येळवस जवळ येतेय. या वर्षी आमच्या शिवारात पळसाच्या पत्रावळ्या अन् घरचे पितळी तांबे जाणार आहेत. प्लास्टिकच्या अन् थर्माकोलच्या ताटल्यांना आपल्या राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. जेवणं झाली की पत्रावळ्या कुडात जातील. कोपीत पांडवांच्या मागं, कडब्याला टाचून, आम्ही सगळ्यांची चित्रं लावणार आहोत, त्यात मजुरीच्या वाटेचंही. थोरल्या काकूंनी रिकामं पोतं आधीच घेऊन ठेवलं आहे. ते या वेळी रिकामंच घरी यावं, एवढी त्यांची इच्छा आहे.

तुमच्या गटानं काही केलं तर केंद्राला कळवा, आम्ही ऐकत असतो. रामराम मायबहिणींनो.